यकृताला सूज आहे म्हणतात, पण सुजतं नक्की काय?

मुठाकाठ
५ सप्टेंबर, रात्री १०:४२

मंडळी, वय ४६, पुणे, बैठी नोकरी, दारू नाही (खरंच नाही, बायकोही याच साइटवर आहे). कंपनीच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी ९२ आणि एसजीओटी ६८ आले, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचे आकडे वाढलेले. सोनोग्राफीत 'ग्रेड टू फॅटी लिव्हर'. मी मनावर घेतलं नाही. आमच्या मजल्यावर बारा जणांत सात जणांना आहे. लहानपणी एकमेकांना टक्के विचारायचो, आता जेवणाच्या सुट्टीत ग्रेड विचारतो.

पण पोटविकारतज्ज्ञांनी फायब्रोस्कॅन (यकृत किती ताठर झालंय ते मोजणारी तपासणी) करायला लावला. त्यात ९.८ आलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "चरबीची मला फार काळजी नाही, सुजेची आहे." आणि पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. पाय मुरगळला की सुजतो, दिसतो, ठणकतो, आई आंबेहळद-तुरटीचा लेप लावते आणि उतरतो. माझं यकृत दुखत नाही की खुपत नाही. मग तिथे सुजलंय काय? आणि सूजच खरी वैरी असेल तर ती उतरवायची गोळी का दिली नाही? दाढ दुखली की मेडिकलवाला देतो ती चालणार नाही का?

जाणकारांनी सोप्या मराठीत सांगावे. गूगल करून घाबरून झालेलं आहे.

चावडीकर
५ सप्टेंबर, रात्री १०:५८

बारा जणांत सात? उरलेल्या पाच जणांनी सोनोग्राफी केली नसणार.

खाडीपलीकडे
५ सप्टेंबर, रात्री ११:१०

+१. आणि बायको साइटवर आहे हे कंसात लिहिल्याबद्दल दाद.

स्लाइडवाली
६ सप्टेंबर, सकाळी ७:२५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली बरीच वर्षं यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघतेय, म्हणून दिसतं ते सांगते.

अर्धा गोंधळ मराठी शब्दाचा आहे. पाणी भरून पाय फुगला तरी आपण सूजच म्हणतो आणि गळू लाल होऊन ठणकलं तरी सूजच. तुमच्या डॉक्टरांना दुसरी म्हणायची होती. तिला 'दाह' म्हटलं की बरं पडतं. यकृताच्या आतल्या भागात वेदनेच्या नसा नाहीत, त्या बाहेरच्या आवरणात असतात. त्यामुळे आत वर्षानुवर्षं दाह चालू असला तरी मालकाला पत्ता नसतो.

तुमच्यासारख्या रुग्णाचा तुकडा आला की आधी चरबीचे पांढरे थेंब दिसतात, पेशीच्या पोटात बुडबुडे भरल्यासारखे. तेवढंच असेल तर मी निवांत असते. मग मी फुगलेल्या पेशी शोधते. त्यांच्या कडा विरलेल्या असतात, आतला ऐवज धुरकट झालेला असतो. त्यांच्या अवतीभवती जांभळ्या ठिपक्यांची टोळकी जमलेली दिसतात. ते ठिपके म्हणजे पांढऱ्या पेशी. हा तुमचा दाह. शेवटी मॅसन ट्रायक्रोमचा रंग चढवला की कोलॅजन निळं उठून दिसतं. पेशींभोवती बारीक निळी जाळी, अगदी कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तशी. आमच्यात तिला खरंच तेच नाव आहे. ही जाळी म्हणजे फायब्रोसिस. ९.८ या आकड्यामागे ती असू शकते.

तुमच्या प्लेटलेट्स किती आहेत?

मुठाकाठ
६ सप्टेंबर, सकाळी ९:०२

१ लाख ६५ हजार. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलंय. स्लाइडवाली ताई, खुराड्याची जाळी वाचून आज अंडं गेलं नाही.

दोन_घास_कमी
६ सप्टेंबर, सकाळी ९:४०

मग फिब-फोर काढा, म्हणजे त्या जाळीचा अंदाज देणारा आकडा, फुकटात निघतं. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचं करून दिलं: ४६ × ६८ = ३१२८. ९२ चं वर्गमूळ ९.५९, त्याला १६५ ने गुणलं की १५८२. भागाकार १.९८.

१.३ च्या खाली असतं तर बहुधा निर्धास्त, २.६७ च्या वर तर लगेच तज्ज्ञ. तुम्ही मधे लोंबकळताय, म्हणूनच त्यांनी फायब्रोस्कॅन सांगितला. तिथेही ८ च्या खाली बरं आणि १२ च्या वर काळजी, तुम्ही पुन्हा मधेच. (पासष्टीपुढच्यांना १.३ ऐवजी २ धरतात, नाहीतर सगळे आजोबा नापास होतील.)

चावडीकर
६ सप्टेंबर, सकाळी ९:५१

दहावीनंतर आज वर्गमूळ कामाला आलं. सरांना कळवतो.

राईनकाठ
६ सप्टेंबर, दुपारी ३:३०

जर्मनीत यकृताच्या प्रतिकारपेशींवर काम करतो, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. लांबेल, चहा घेऊन बसा.

यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश थेट आतड्यातून येतं, पोर्टल शिरेतून. म्हणजे जेवणातले रस, औषधं, काढे आणि आतड्यातल्या जीवाणूंचे तुकडे आधी इथे उतरतात, उरलेल्या शरीरात नंतर जातात. जकात नाकाच म्हणा. या नाक्यावर कुप्फर पेशी नावाचे हवालदार बसलेले असतात. येणारा कचरा गिळायचा आणि गडबड दिसली तर शिट्टी मारायची, हे त्यांचं काम.

शिट्टी म्हणजे रसायनं. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली प्रमुख. जीवाणूच्या कवचाचा तुकडा हवालदाराच्या अंगावरच्या टीएलआर-४ या कुलपात बसला की आत एनएफ-कप्पा-बी नावाचा जनुकांचा स्विच जागा होतो आणि शिट्ट्या तयार व्हायला लागतात. या कुलपाची गोष्ट माशीपासून सुरू होते. फळमाशीत 'टोल' नावाचं जनुक बुरशीशी लढायला लागतं हे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये उलगडलं, १९९८ मध्ये उंदरात जीवाणूचा तुकडा ओळखणारं कुलूप तेच असल्याचं कळलं. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल त्यासाठीच.

आता तुमच्याकडे जीवाणू आलेले नाहीत, मग शिट्टी का? चरबीने कोंदलेल्या पेशी मरताना आतला ऐवज बाहेर सांडतात. डीएनएचे तुकडे, मायटोकॉन्ड्रियाचे अवशेष, सगळं रस्त्यावर. हवालदाराला चोर आणि घर कोसळणं यातला फरक फारसा कळत नाही, तो शिट्टी मारतोच. शिवाय तो सीसीएल-२ नावाचा निरोप अस्थिमज्जेला धाडतो, तिथून मोनोसाइट्सची कुमक येते. नवे गडी जुन्यांपेक्षा तापट. हेच स्लाइडवाली ताईंचे जांभळे ठिपके.

आणि शेजारी एक गवंडी झोपलेला असतो: तारकापेशी. निरोगी यकृतात तो जीवनसत्त्व 'अ'चे थेंब सांभाळत पडलेला असतो. शरीरातलं बहुतेक 'अ' जीवनसत्त्व याच्या गोदामात. टीजीएफ-बीटाचा निरोप आला की हा उठतो, गोदाम रिकामं करतो आणि कोलॅजनचं प्लास्टर करत सुटतो. एका जखमेपुरतं प्लास्टर हवंच. पण शिट्टी वीस वर्षं थांबलीच नाही तर हा गडी प्लास्टरवर प्लास्टर चढवत राहतो. त्यालाच आपण शेवटी सिरॉसिस म्हणतो.

अवांतर: कुप्फर साहेबांनी १८७६ मध्ये सोन्याच्या क्षाराने रंगवून ज्या चांदणीसारख्या पेशी पाहिल्या, त्या हवालदार नव्हत्याच, हे गवंडी होते. पुढे गोंधळ झाला आणि नाव हवालदारांना चिकटलं. १९७१ मध्ये जपानच्या वाके यांनी गवंडी म्हणजेच कुप्फरच्या मूळ चांदण्या हे दाखवून दिलं, तोवर पाटी बदलायला उशीर झाला होता.

खाडीपलीकडे
६ सप्टेंबर, दुपारी ३:४८

जकात जाऊन किती वर्षं झाली भाऊ. पण हवालदार अजून नाक्यावरच उभे आहेत हे मात्र पटलं.

स्लाइडवाली
६ सप्टेंबर, दुपारी ४:१५

राईनकाठ, छान लिहिलंत. एक भर: हवालदार शिट्टी क्वचितच मारतो, हे जास्त नवलाचं आहे. रोज डाळ-भात आणि जीवाणूंचा कचरा येतो, प्रत्येकावर भडकला तर आपण जगणारच नाही. यकृत मुळात सहनशील अवयव आहे. १९६९ मध्ये रॉय काल्न यांनी डुकरांत यकृतं बदलून पाहिली तेव्हा परकं यकृत कितीतरी डुकरांनी औषधाशिवाय सांभाळलं, आणि त्याच दात्याचा दुसरा अवयवही मग स्वीकारला. म्हणजे इतक्या शांत पोलीस ठाण्याला दंगल करायला लावायची तर छळ बराच व्हावा लागतो.

अ_शंकेखोर
६ सप्टेंबर, रात्री ८:०५

मला एक कळत नाही. आमच्या वडिलांच्या काळी फॅटी लिव्हर कोणी ऐकलं नव्हतं. २०२३ मध्ये आजाराचं नावच बदललं, आता म्हणे 'मॅसल्ड', चयापचय बिघडल्यामुळे होणारा यकृताचा आजार. नाव बदललं, की वर्षभरात औषध बाजारात. संशय येणार नाही का? आधी शब्द विकायचा, मग गोळी.

राईनकाठ
६ सप्टेंबर, रात्री ९:२०

संशय योग्य जागी आहे, पण क्रम उलटा आहे. दारू न पिणाऱ्यांचं यकृत दारुड्यासारखं दिसतं हे मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी १९८० मध्येच लिहिलं. तेव्हा नाव दिलं ते 'दारूमुळे नसलेला' असं, म्हणजे आजार काय नाही एवढंच सांगणारं. नव्या नावात चयापचय आला. आणि मूळ नावातला 'फॅटी' शब्द लोकांना लाजवणारा वाटत होता.

वडिलांच्या काळी सोनोग्राफी होती का, हेही बघा.

दोन_घास_कमी
६ सप्टेंबर, रात्री ९:३३

आणि वडील कार्यालयात सायकलने जात होते का, हेही.

संत्राबर्फी
७ सप्टेंबर, सकाळी ६:५०

नागपूर. मी सहसा वाचते फक्त, पण 'सूज उतरवायची गोळी का नाही' हा प्रश्न बघून लिहावंसं वाटलं. कारण मला दिली. आणि तिनेच वाचवलं.

२०२० च्या शेवटी घरात सगळेच गुळवेलीचा काढा घेत होतो. आई अंगणातल्या वेलीचा रोज एक पेला उकळायची. मला थायरॉईड आधीपासून होता (हाशिमोटो). डिसेंबरात डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, अंगाला कंड. जवळच्या एका डॉक्टरांनी साधी कावीळ म्हणून तीन आठवडे विश्रांती सांगितली. शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवली, ती खाली उतरत लांब झाली की कावीळ उतरली असं. माळ लांब झाली. एसजीपीटी मात्र ११४० झालं.

मग दुसरीकडे गेलो. आयजीजी हे प्रतिपिंड वाढलेलं, स्वतःच्याच पेशींविरुद्धचं एएनए पॉझिटिव्ह, बायोप्सीत ऑटोइम्यून हेपॅटायटिस. म्हणजे माझे हवालदार आणि त्यांच्या मागचं सगळं सैन्य माझ्याच पेशींना चोर समजत होतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. दहा दिवसांत कंड गेला, दोन महिन्यांत एसजीपीटी साठ. चेहरा मात्र पुरणपोळीसारखा गोल झाला. नंतर प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन जोडलं, स्टेरॉइड खाली आणलं. आजही एक गोळी चालू आहे. काढा पूर्ण बंद.

म्हणून मुठाकाठ, तुमच्यासारख्याला ही गोळी का देत नाहीत हे मलाही जाणून घ्यायचंय.

काढेवाले
७ सप्टेंबर, सकाळी ८:१०

ताई, त्रास झाला हे वाईट. पण गुळवेलीला बदनाम करू नका. हजारो वर्षं वापरतोय. आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये तो संबंध फेटाळला होता. बाजारात भलतीच वेल गुळवेल म्हणून विकली जाते. मात्रा, ऋतू, प्रकृती न बघता चार महिने पेलेच्या पेले पिणं हे आयुर्वेद नव्हे.

स्लाइडवाली
७ सप्टेंबर, सकाळी ८:५५

काढेवाले, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. पण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरातले सहा रुग्ण मांडले, पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ मांडले. त्यात ऑटोइम्यूनसारखं चित्र असलेले पुष्कळ होते. मला ते तर्काला धरूनच वाटतं. जी वस्तू आपण 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' म्हणून विकतो, ती ज्याचे हवालदार आधीच बिथरलेत त्याला देऊन काय होणार? संत्राबर्फीला थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार होताच. एक तर म्हणा की गुळवेल प्रतिकारशक्तीवर काम करते, मग सर्वांना सारखीच करणार नाही हे माना. नाहीतर म्हणा करत नाही, मग प्यायची कशाला?

हळदीचंही तसंच. आमटीतल्या चिमूटभर हळदीने काही होत नाही. पण मिऱ्याचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलांनी यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत आणि इटलीत नोंदवलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. म्हणजे इथेही प्रश्न प्रतिकारपेशींच्या ओळखपरेडचाच.

काढेवाले
७ सप्टेंबर, सकाळी ९:२०

तर्क चांगला आहे. विचार करतो. वेल मात्र ओळखून घ्या, एवढंच.

खाडीपलीकडे
७ सप्टेंबर, सकाळी ९:३१

दोन दिवसांत या साइटवर 'विचार करतो' वाचलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

गोदातीर
७ सप्टेंबर, दुपारी १:१५

माझ्या वडिलांची गोष्ट. १९८८ मध्ये अपघातात रक्त चढवलं. हेपॅटायटिस सी चा विषाणूच १९८९ मध्ये सापडला, त्यामुळे तपासणार कोण आणि काय? वीस वर्षांनी सिरॉसिसच्या उंबरठ्यावर निदान झालं. २००९ मध्ये इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली, दर शुक्रवारी, म्हणजे शनिवार-रविवार झोपून काढता यावा. रात्री हुडहुडी, शंभर-एकशे एक ताप, सांधे ठणकणार, आणि महिनाभरात स्वभावच उदास. नाशिकचा माणूस आणि द्राक्षं नको म्हणायला लागला.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते मला इथलं वाचून आता नीट कळलं. इंटरफेरॉन म्हणजे शरीराचीच शिट्टी, बाटलीत भरलेली. फ्लूमध्ये अंग मोडून येतं तेही बरंचसं विषाणूमुळे नाही, या शिट्टीमुळे. वडिलांना फ्लू नव्हता, फक्त शिट्टी होती.

एवढं करून विषाणू परत आला. २०१५ मध्ये सोफोसबुव्हिरच्या गोळ्या भारतात स्वस्तात मिळायला लागल्या. बारा आठवडे, ना ताप ना उदासी, विषाणू गेला तो गेला. आणि विषाणू गेल्यावर सूजही गेली, कोणी वेगळी उतरवली नाही. फायब्रोस्कॅन १४ वरून हळूहळू ८ वर आलं. गवंड्याचं प्लास्टर थोडंफार उकरलं जातं हे आमच्या घरात सिद्ध झालंय. तरी सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवत नाही, कारण कॅन्सरचा धोका पूर्ण जात नाही.

राईनकाठ
७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:००

गोदातीर, तुमच्या वडिलांच्या गोष्टीत मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं उलगडतो.

'शिट्टीच बंद करा' हे आमच्या धंद्यातलं सर्वांत मोहक आणि सर्वांत महागात पडलेलं स्वप्न आहे. दारूमुळे यकृताला जो तीव्र दाह होतो त्यात टीएनएफ प्रचंड वाढलेलं असतं. संधिवातात टीएनएफ अडवणारी औषधं जादू करत होती, तेव्हा ती इथेही द्यावीत हे सरळ होतं. फ्रान्समध्ये इन्फ्लिक्सिमॅबचा अभ्यास ३६ रुग्णांवरच थांबवावा लागला, संसर्गाने माणसं जायला लागली म्हणून. अमेरिकेत एटानरसेप्ट दिलं, ४८ रुग्ण. सहा महिन्यांत औषधवाल्या गटात ५७.७ टक्के मृत्यू, खोट्या औषधाच्या गटात २२.७.

का? एक तर खराब यकृताचा माणूस आधीच संसर्गाला बळी पडतो. हवालदार दिवसरात्र शिट्ट्या मारून थकलेले असतात, खरा चोर आला तरी उठत नाहीत. उरलीसुरली शिट्टी आपण काढून घेतली. दुसरं म्हणजे टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांच्याशिवाय यकृत पुन्हा वाढतही नाही. जो निरोप 'घर पडलं' सांगतो, तोच 'बांधायला घ्या' पण सांगतो.

स्टेरॉइडचंही तसंच. ब्रिटनमध्ये ११०३ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. दारूच्या तीव्र दाहात प्रेडनिसोलोनने पहिल्या महिन्यातले मृत्यू किंचित कमी झाले असतील-नसतील, पण गंभीर संसर्ग ७ टक्क्यांचे १३ झाले. म्हणून आजकाल निवडक रुग्णांना देतात, सातव्या दिवशी गुण बघतात, आणि नसेल तर थांबवतात.

फॅटी लिव्हरमध्ये तर सीसीएल-२ चा निरोप अडवणारं सेनिक्रिव्हिरॉक, एएसके-१ हे पेशीला मरायचा निरोप देणारं प्रथिन अडवणारं सेलॉन्सर्टिब अशी औषधं शेवटच्या टप्प्यापर्यंत गेली आणि आपटली. पास झालं ते रेस्मेटिरॉम, मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत. ते शिट्टीला हातच लावत नाही, यकृतातली चरबी जाळतं. तेही जवळजवळ चौथाई रुग्णांतच फायब्रोसिस एक पायरी खाली आणतं, साखरेच्या गोळीने १४ टक्क्यांत येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मंजुरी मिळाली, ते भूक आणि वजन कमी करतं. दोन्ही औषधं पेशी मरायचं कारण कमी करतात, मग हवालदार आपसूक गप्प.

संत्राबर्फी, तुमच्या आजारात मात्र शिट्टी मारणाराच चुकलाय. कारण काढून टाकायला बाहेर काही नाहीच. म्हणून तिथे गोळी हवाल्दारालाच द्यावी लागते.

चावडीकर
७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१२

'हवाल्दारालाच'. एवढं लिहून दमलात, जरा कोलॅजन खा.

स्लाइडवाली
७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

आणि मुठाकाठ, ती दाढेची गोळी. यकृत पक्कं खराब झालेल्या माणसाला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नकोच, मूत्रपिंडं बसतात. लोक पॅरासिटामॉलला घाबरून नेमकी ती घेतात. डॉक्टरांना विचारून मर्यादेत पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरं.

हेपॅटायटिस बी असलेल्यांनी तर स्टेरॉइड किंवा कॅन्सरची काही औषधं सुरू करण्याआधी सांगायलाच हवं. बी चा विषाणू स्वतः पेशी फारशी मारत नाही, आपल्याच टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारतात. त्या दाबल्या की विषाणू मोकाट. आणि औषध थांबवून त्या परत जाग्या झाल्या की एकदम तुटून पडतात. एका रुग्णाचा असा तुकडा पाहिला होता, निरोगी पेशी शोधाव्या लागत होत्या.

खाडीपलीकडे
७ सप्टेंबर, रात्री ९:०५

थोडं गंभीर लिहितो. मालवणात आमच्याकडे खडकावरची कालवं फोडून तिथेच लिंबू पिळून खाणारे आहेत. आमचे एक मामा, सिरॉसिस, पोटात पाणी. डॉक्टरांनी सांगितलं होतं कच्चं समुद्रातलं काही नको. मामा म्हणाले, "रे, जन्मभर खाल्लंय." दोन दिवसांत पाय काळानिळा, फोड, आणि चौथ्या दिवशी गेले. विब्रिओ नावाचा जीवाणू निघाला. त्याच थाळीतली कालवं आम्ही चौघांनी खाल्ली होती, एकालाही ढेकरसुद्धा आली नाही.

राईनकाठनी 'थकलेले हवालदार' लिहिलं तेव्हा मामा आठवले. ज्यांचं यकृत खराब आहे त्यांनी कालवं, तिसऱ्या (शिंपले) खदखदून शिजवूनच खा.

संत्राबर्फी
७ सप्टेंबर, रात्री ९:३०

🙏

दोन_घास_कमी
८ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मुठाकाठ, वजन किती? क्यूबामध्ये २९३ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास झाला, आधी आणि नंतर बायोप्सी. दहा टक्के वजन उतरवलेल्यांत ९० टक्के लोकांचा दाह गेला, ४५ टक्क्यांचा फायब्रोसिससुद्धा मागे हटला. तेवढं उतरवणारे मात्र थोडेच निघाले, हे आधीच सांगतो.

मुठाकाठ
८ सप्टेंबर, सकाळी ९:१०

७८ किलो, उंची पाच सहा. फार जाड दिसत नाही हो. फक्त पोट.

दोन_घास_कमी
८ सप्टेंबर, सकाळी ९:१४

आपल्या लोकांचं सगळं 'फक्त पोट'च असतं. आतड्याभोवतीची चरबी थेट त्याच नाक्यावर माल उतरवते.

अ_शंकेखोर
८ सप्टेंबर, सकाळी १०:४०

कॉफी यकृताला चांगली म्हणतात, ते खरं की कॉफीवाल्यांनी सोडलंय?

राईनकाठ
८ सप्टेंबर, दुपारी १२:०५

बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस आणि यकृताचा कॅन्सर कमी दिसतो. युरोपातले यकृततज्ज्ञही कॉफीला हरकत घेत नाहीत. बिनसाखरेची.

चावडीकर
८ सप्टेंबर, दुपारी १२:०९

पुणेकराला अमृततुल्य सोडून बिनसाखरेची कॉफी. त्यापेक्षा सिरॉसिस बरा. (दिवे घ्या, म्हणजे हलके घ्या.)

संचालक
८ सप्टेंबर, दुपारी २:००

धागा चांगला चाललाय. व्यक्तिगत औषधांच्या मात्रा कृपया लिहू नयेत. दोन प्रतिसाद (काविळीचं हमखास औषध, फोन नंबरसह) उडवले आहेत.

मुठाकाठ
१९ एप्रिल, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. सात महिने झाले.

वजन ७८ वरून ७१.५. काही जादू केली नाही. रात्रीचा भात गेला, कार्यालयातला चारचा वडापाव आणि दोन गोड चहा गेले, पर्वती आठवड्यातून चार वेळा. पहिले दोन महिने वजन हललंच नाही आणि मी घरात सर्वांशी भांडलो. एसजीपीटी आता ४१, एसजीओटी ३३, फायब्रोस्कॅन ७.४.

या वेळी डॉक्टरांना बेल दाबायच्या आत विचारलं, सूज उतरली का? ते हसले. "शिट्ट्या कमी झाल्यात असं म्हणू." मी थक्क. म्हटलं, सर, तुम्ही या साइटवर आहात का? काही बोलले नाहीत, पुढचा पेशंट बोलावला.

स्लाइडवाली
१९ एप्रिल, रात्री १०:४५

अभिनंदन. रंगाचा बेरंग करत नाही, पण फायब्रोस्कॅनचा आकडा ताठरपणा मोजतो, आणि दाहानेही यकृत ताठरतं. जेवून गेलात तरी वाढतो. त्यामुळे ९.८ चे ७.४ झाले त्यातली जाळी किती विरली आणि नुसता दाह किती ओसरला, हे आज सांगता येणार नाही. वर्षाने पुन्हा करा, तीन तास उपाशी जा.

राईनकाठ
२० एप्रिल, रात्री १:१५

मी तो डॉक्टर नाही. आधीच सांगून ठेवतो.

खाडीपलीकडे
२० एप्रिल, सकाळी ८:०२

मग खरे डॉक्टर कोण? चावडीकर, गप्प का?

संत्राबर्फी
२० एप्रिल, सकाळी ८:३०

मुठाकाठ, मजल्यावरच्या बाकी सहा जणांचं काय झालं?

मुठाकाठ
२० एप्रिल, सकाळी ९:१२

वर्गमूळवालं गणित कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. तिघांनी केलं. दोघांचं १.३ च्या खाली आलं. तिसरा सगळ्यात बारीक, पळायला जाणारा, एसजीपीटी फक्त ४४. त्याचं २.९ आलं. आम्ही दोनदा गुणाकार तपासला. उद्या सकाळी त्याला घेऊन जातोय.